मंडळाची सायकल आणि ठमाबाईचे शेत

मित्रांनो, मी जुनी सायकल आहे. शाळेतून घरी जाताना तुम्ही अलिबागच्या आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर चढता, माझी घंटी वाजवता आणि एकमेकांना सांगता, "हीच ती! हिच्यामुळे वाघखारची वाट झाली." ते ऐकले की मला कुठे तोंड लपवावे ते कळत नाही. आज मी तुम्हाला ती वाट कशी झाली ते सांगणार आहे. सांगून झाल्यावर घंटी वाजवायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म विलायतेतला. बोटीने मुंबईला आले आणि तिथून पुन्हा बोटीनेच इकडे. माझे पहिले मालक एक वकील होते. कचेरीच्या दारात, पक्षकारांच्या देखत, त्यांचे धोतर माझ्या साखळीत अडकले आणि ते अशिलाच्याच अंगावर पडले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. गावातल्या तरुणांनी तेव्हा 'सायकल प्रसारक मंडळ' काढले होते. वकिलांनी मला त्या मंडळाला देऊन टाकले आणि वर देशसेवा केल्याचे समाधानही मिळवले.

मंडळाचा खरा जीव म्हणजे दिनानाथ. हा दवाखान्यात कंपाउंडर होता. बाटल्यांवर औषधाच्या खुणांच्या कागदी पट्ट्या चिकटवण्यात त्याचा दिवस जाई आणि उरलेला वेळ माझ्यावर. पगार नाही, मानधन नाही, नुसती हौस. रविवारी ओहोटी लागली की तो मला समुद्राच्या ओल्या, कडक वाळूवर नेई आणि ज्याला शिकायचे असेल त्याला फुकट शिकवी. मोठमोठे बाप्ये मला धरून लहान पोरासारखे किंचाळत. घरी आल्यावर दिनानाथ मला गोड्या पाण्याने धुई, पुसून कोरडी करी आणि तेल घाली. मंडळाचे स्वयंसेवक सडकेवरचे काटे वेचत, खड्डे बुजवत, आणि सायकलीला जाता येईल अशा वाटा गावोगाव असाव्यात म्हणून अर्ज करत. लोक हसत. दिनानाथही त्यांच्याबरोबर हसे आणि दुसऱ्या दिवशी नवा अर्ज लिही.

वाघखार हे खाडीपलीकडचे आगरी लोकांचे गाव. डोंगराच्या पायथ्याने गेले तर फार लांब पडते, आणि खाडीच्या बांधावरून गेले तर अगदी जवळ. हा बांध म्हणजे गावाचा जीव. बाहेर खारे पाणी, आत भाताची शेते, आणि मध्ये फक्त मातीचा हा बांध. दरवर्षी उन्हाळ्यात घरटी एक माणूस त्यावर माती चढवायला येतो. बांधाच्या पोटात एक लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटून जाते. खाडीचा जोर उघाडीवर जास्त, म्हणून तिच्यावर मातीचा मोठा उंचवटा केलेला होता.

एकदा भातकापणीच्या दिवसांत दिनानाथ औषध पोचवायला मला घेऊन वाघखारला गेला. तिथे ठमाबाई नावाची एक विधवा म्हातारी तापाने फणफणत पडली होती. कापताना पायाला कोयता लागला होता आणि पाय भोपळ्यासारखा सुजला होता. दिनानाथने तिला माझ्या कॅरिअरवर बसवले, कमरेला पदराने स्वतःशी बांधले आणि बांधावरून निघाला. उघाडीपाशी आम्ही अडलो. उंचवट्यावरून दोघांना घेऊन चढणे शक्य नव्हते. तिला खाली उतरून त्याच सुजलेल्या पायावर वर चढावे लागले. ती ओरडली नाही, पण माझे हँडल तिने असे धरले की मी हलले.

डॉक्टरांनी पाय वाचवला. ठमाबाई बरी होऊन घरी गेली ती साऱ्या गावाला सांगत, "दिनाची गाडी नसती त मी आज न्हाय." दिनानाथच्या मनात मात्र तो उंचवटा रुतून बसला. पुढचा आजारी माणूस तिथे उतरू शकला नाही तर काय, हे तो रोज कोणाला ना कोणाला विचारी. मंडळाने ठरवले की वाघखारचा बांध ही सायकलीची वाट व्हायलाच हवी.

पुढच्या वर्षी जिल्ह्यातले एक वजनदार गृहस्थ बांधावरून वाट होते का ते बघायला दसऱ्याला येतो म्हणाले. त्यांनी मनावर घेतले असते तर दगड मिळाला असता, मुरूम मिळाला असता. त्यांच्यासमोर सायकलींची फेरी काढायची, आणि उघाडीवरून ती एकदाही न थांबता जायला हवी, असे दिनानाथने योजले. त्यासाठी तो अंबाजीकडे गेला. अंबाजी हा बांधाचा कारभारी. कोणत्या घराने कुठे माती टाकायची ते तो सांगे, आणि त्याचा शब्द कोणी मोडत नसे.

"उंचवटा थोडा उतरता करूया, अंबाजीदादा. फेरी झाली की लगेच पुन्हा भरू."

अंबाजीने डोके खाजवले. "भरू म्हन्ता त भरू. पन उधानाच्या आदी. त्याच्या खालचं शेत ठमाबाईचं हाय, तिला विचारा."

ठमाबाईचे ते एकच शेत. त्यावर तिचे वर्ष निघे. दिनानाथने विचारले तेव्हा ती भात राखायला बसली होती. तिने माझ्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, "माझा बांध तुझ्या गाडीला आडवा येतो व्हय? काप की, बाला! इचारतोस काय?"

मित्रांनो, दुसरी कोणी असती तर तिने दहा प्रश्न विचारले असते. ठमाबाईने एकही विचारला नाही, कारण तिच्यावर आमचे उपकार होते. या गोष्टीचा विचार आला की अजूनही माझी चाके जड होतात.

उंचवटा कापला. खरे सांगते, त्या उतारावरून घरंगळत जाताना मला फार मजा वाटे. दिनानाथ पायडल सोडून देई आणि आम्ही वाऱ्यासारखे जात असू. गावातली माणसेही हौसेने माझ्यावर बसून पाहत. अंबाजी तर मिशांना पीळ देऊन तीनतीनदा जाऊन येई आणि पुन्हा म्हणे, "अजून एकदा बघतो, ब्रेक लागतो का न्हाय."

दसऱ्याला पाहुणे आले नाहीत. काम निघाले, कोजागिरीला सकाळी नक्की येतो, असा त्यांचा निरोप आला. अंबाजीचा चेहरा उतरला. "कोजागिरीचं उधान मोठं असतं, दिनाभाऊ."

"भरती दुपारची. पाहुणे सकाळी येणार. ते गेले की आम्ही सगळे स्वयंसेवक टोपल्या घेऊन उभेच आहोत. भरती यायच्या आत भरून टाकू."

कोजागिरीच्या सकाळी मंडळाच्या सगळ्या सायकली बांधावर ओळीने उभ्या होत्या. सर्वांत पुढे मी. माझे लोखंड असे घासले होते की त्यात ऊन दिसत होते. टोपल्या तयार, फावडी तयार, माती ओली करून ठेवलेली. फक्त पाहुणे नव्हते. समुद्राकडून वारा सुटला. ओहोटी संपून पाणी चढायला लागले.

"भरायला घेऊ का?" अंबाजीने विचारले.

"आता येतीलच. भरताना पाहिले तर वाट कशी कळणार त्यांना? थोडं थांबू."

थोड्या वेळाने अंबाजीने पुन्हा विचारले. या वेळी दिनानाथ काही बोलायच्या आधीच ठमाबाई म्हणाली, "थांबा की रं जरा. दिना खोटं सांगायचा न्हाय."

तिच्या शब्दापुढे अंबाजीने हातातले फावडे खाली ठेवले. दिनानाथने तिला अडवले नाही. त्याने सडकेकडे पाहिले, मग पाण्याकडे, मग पुन्हा सडकेकडे. त्याच वेळी त्याने टोपली उचलली असती तर मला आज तुमच्याशी बोलावे लागले नसते.

वाऱ्याने पाणी दरवर्षीपेक्षा वर आणले. आधी उतारावर एक पातळ ओहोळ आला, एवढा की पोरांनी त्यात पाय भिजवले. मग सगळे धावले. माती टाकली, पेंढा टाकला, दगड टाकले. ओली माती पाण्यात विरघळून गेली. बांध आतून ढासळू लागला. पेंढा अडकून राहावा म्हणून दिनानाथने मला उचलले आणि त्या तोंडात आडवे घातले. मी अडले. आयुष्यात एवढे जीव तोडून मी कधी काही धरले नव्हते. पण पाण्याने मला पेंढ्यासकट उचलले आणि आत फेकले. मी पडले ती ठमाबाईच्या पिकलेल्या भातावर. खाडी माझ्या पाठोपाठ आत आली.

पाहुण्यांच्या गाडीचा आस वाटेत मोडला होता. ते आले नाहीत, त्यात त्यांचा दोष नव्हता.

पाणी ओसरले तेव्हा मी चिखलात रुतलेली होते. मला ठमाबाईनेच बाहेर ओढले. तिचे भात आडवे झाले होते, त्यावर मिठाचा चिखल बसला होता, आणि ती माझे हँडल पदराने पुसत होती. दिनानाथ तिच्यासमोर उभा होता.

"खारं पानी लोखंडाला खातं," ती त्याला म्हणाली. "घरी नेऊन गोड्या पान्यानं धू. लवकर जा."

तिने शिव्या दिल्या असत्या तर दिनानाथला ते सोपे गेले असते. मलाही.

गावाचे बरेच पीक अंबाजीने आणि इतरांनी आतले छोटे बांध अडवून वाचवले. ठमाबाईचे शेत मात्र गेलेच. शिवाय पाणी जिथून घुसले तिथे खोल डोह पडला. डोह बुजवता येईना, म्हणून नवा बांध त्याला वळसा घालून आतून घ्यायचे ठरले. आत म्हणजे ठमाबाईच्या शेतावरून. खारे झालेले शेत चारदोन पावसाळ्यांत पुन्हा गोडे होते; पण बांधाखाली गेलेले शेत पुन्हा कधीच शेत होत नाही.

अंबाजी तिच्या दारात जाऊन नुसताच उभा राहिला. त्याला विचारवेना. तिनेच विषय काढला. "घ्या. आता तिथं भात कुठं येतंय? पन घेताच त बांध रुंद करा. दिनाची गाडी न उतरता जाऊ दे."

तो सगळा उन्हाळा मंडळाचे स्वयंसेवक माती वाहत होते. दिनानाथ सर्वांच्या आधी येई आणि सर्वांच्या नंतर जाई. त्याच्या खांद्याची साले निघाली. बांध रुंद झाला, वर मुरूम पडला. मंडळाने जी वाट मागितली होती, तीच वाट झाली. तिच्यासाठी समारंभ झाला. एका वक्त्याने मंडळाची तोंड भरून स्तुती केली आणि माझ्या गळ्यात हार घातला. दिनानाथ खरे काय ते सांगायला उठला. त्याने तोंड उघडले आणि तो रडू लागला. लोकांना वाटले, आनंदाने भरून आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे ठमाबाई उभी होती, तीही टाळ्या वाजवत होती.

तेव्हापासून दिनानाथने सभेत कधी तोंड उघडले नाही, आणि तुमच्यापर्यंत फक्त टाळ्या पोचल्या. आता माझे ब्रेक झिजले, सीट फाटली. मंडळात नव्या सायकली आल्या आणि मी बहुतेक वेळ या ओट्यावर असते. कधीतरी दिनानाथ मला घेऊन वाघखारला औषध द्यायला जातो. त्या वळणावर आलो की तो खाली उतरतो आणि ते वळण संपेपर्यंत मला हाताने ढकलत नेतो. तुम्ही भरधाव बाजूने जाता आणि म्हणता, कंपाउंडर थकले. ते थकलेले नाहीत.

ठमाबाई आता अंबाजीच्या शेतात लावणीला, कापणीला जाते. दुसऱ्याच्या भातातून ताठ होऊन, कपाळावर हात धरून ती आमच्याकडे पाहते आणि ओरडते, "अरं बाला, उतरलास कशाला? बसून जा! त्याच्यासाठीच त दिली जागा!"

तो मान हलवतो आणि चालत राहतो.

मित्रांनो, जुन्या सायकलीला तेल घाला, पुसून ठेवा, असे सांगायची आमच्यात रीत आहे. मला तेल घालू नका, चालेल. माझी घंटी गंजली तरी चालेल. पण उद्या शाळेला जाताना ते वळण आले की ब्रेक लावा, खाली उतरा आणि तेवढे अंतर चालत जा. तुमच्या चाकांखाली एका बाईचे सगळे शेत आहे. ठमाबाई शेतातून ओरडेल, बसून जा म्हणेल. तिचे तेवढे ऐकू नका.