बंगशाची बाजू

गणपतीत इतर गावांत मेळे होतात, नाटकं होतात. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या मराठी मंडळातही ते सगळं होई, पण सातव्या दिवशी दुपारी तिथे वाद व्हायचा आणि त्या दिवशी घरात कोणी थांबत नसे. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल, पण वाद चुकवायचा नाही, अशी ही मंडळी. दीडदोनशे वर्षं काशीत राहून आमटीत तिकडचा पाच बियांचा मसाला, पंचफोडण, घालायला लागली, पोरं आपसात हिंदीत भांडायला लागली, पण वादाची खोड काही सुटली नाही.

आणि वादही साधासुधा नाही. त्याला नियम होता. एकाने आधी आपली बाजू मांडायची. मग दुसऱ्याने आपली मांडण्यापूर्वी, आणि पहिल्यानेही खंडन करण्यापूर्वी, समोरच्याची बाजू आपल्या तोंडाने सांगायची, आणि ती अशी सांगायची की तो स्वतः ‘मान्य’ म्हणेल. त्यासाठी तीन संधी. तिसऱ्यांदाही ‘अमान्य’ आलं, की वाद हरला. जुन्या शास्त्रीमंडळींनी पाडलेला हा पायंडा. ज्याला शत्रूचं म्हणणं धड सांगता येत नाही, त्याने त्याला उत्तर देण्याच्या फंदात पडू नये, असं त्यांचं मत.

हा वाद सलग अकरा वर्षं वेणीमाधव सप्रे जिंकत आला होता. बँकेत नोकरी, गोरापान चेहरा आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी समोरच्या मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेल्याला ऐकू जावा. लोक म्हणत, सरस्वती जिभेवर बसली आहे. सरस्वती प्रत्यक्षात स्वयंपाकघरात बसत असे. तिचं नाव आनंदी. ती वेणीमाधवची मोठी वहिनी. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. नवरा रेल्वेत गार्ड, त्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस मुघलसराईला किंवा त्याच्याही पुढे. दर श्रावणात वेणीमाधव तिच्यासमोर पाट ओढून बसायचा आणि म्हणायचा, “वहिनी, भाषा तुमची, गळा माझा.” मग शेंगा सोलता सोलता आनंदीबाई सांगत आणि तो लिहून घेई. समोरचा काय बोलेल याचा अंदाज बांधून ती पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजूसुद्धा तयार करून देई. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्यात वेणीमाधवला कधी कमीपणा वाटला नाही, कारण तहान भागत होती.

आनंदीबाईंना मात्र अलीकडे हे खुपायला लागलं होतं. टाळ्या पडल्या की बायकांच्या बाजूला मागच्या सतरंजीवर बसलेल्या त्या मान खाली घालत. आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी काहीतरी टोचायचंही. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे आपल्या मुलीला दुसऱ्याच्या नावाने हाक मारलेली ऐकणं. त्यांचं वय आता पन्नास. एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडाने बोलावं, आणि लोकांनी ‘आनंदीबाई जिंकल्या’ असं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्या व्यासपीठावर बाई कधी चढली नव्हती.

स्वराज्य येऊन बारा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. त्या साली मंडळाने विषय काढला, ‘बाजीराव पेशवे आणि महंमदखान बंगश : नेतृत्वाने व स्वभावाने थोर कोण?’ विषय काढणाऱ्यांना उत्साहाच्या भरात एक गोष्ट सुचलीच नाही. बाजीरावांच्या बाजूने नावं आली एकोणीस. बंगशाच्या बाजूने एकही नाही. गणपतीपुढे उभं राहून पेशव्यांविरुद्ध बोलायचं, आणि घरी जाऊन आजीच्या शिव्या खायच्या, हे कोणाला हवंय? शेवटी बाजीराव रिवाजाप्रमाणे वेणीमाधवकडे गेले. चिटणीस प्रल्हाद मोने बंगश शोधत गल्लोगल्ली हिंडला. रेल्वेतले नवे आलेले लोक झाले, विद्यापीठातले झाले. सगळ्यांनी हात जोडले. चार दिवस राहिले, तेव्हा तो सप्र्यांच्या घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

“भाऊ, एकदम गडबड झाली बघा. बंगशच मिळत नाही! इस साल वाद होणार नाही, मतलब परंपरा तुटली.”

“मी होते बंगश,” आनंदीबाई म्हणाल्या.

त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. वेणीमाधव हसला, मग वहिनींच्या तोंडाकडे बघून थांबला. प्रल्हाद उठून थेट अध्यक्ष विष्णुशास्त्री द्रविडांकडे गेला. तिथे तासभर खल झाला. काहींनी नाकं मुरडली. शेवटी नव्वदीला टेकलेले शास्त्रीबुवा म्हणाले, “गार्गी बोलली तेव्हा तुमचे आजे कुठे होते? बोलू द्या तिला.” नाकं मुरडणाऱ्या तिघांनी अट घातली, की हरली तर पुन्हा या व्यासपीठावर बाई चढणार नाही. निरोप आणला तेव्हा प्रल्हादला अटीचं सांगताना लाज वाटत होती. आनंदीबाईंना राग आला. चांगला सणसणीत राग आला, आणि रागात त्यांचं डोकं नेहमीच नीट चालायचं.

अडचण एकच होती. बाजीरावांचं भाषण त्यांनी आठ दिवसांपूर्वीच वेणीमाधवला लिहून दिलं होतं, आणि अकरा वर्षांतलं ते सगळ्यात उत्तम होतं. आता त्याच्यावर मात करायची होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी वेणीमाधव पाट ओढून बसला. “वहिनी, सगळी तैयारी झाली. फक्त पूर्वपक्ष राहिला. बंगशाबद्दल तुम्ही काय बोलणार ते जरा लिहून द्या ना.”

आनंदीबाईंनी डोळे मोठे केले. “भाऊजी, बंगशाने बाजीरावांना आपला बेत लिहून दिला होता का?”

“तसं नव्हे हो, पण नेहमी तुम्हीच…”

“कपाटात पुस्तकं आहेत. वाचा.”

वेणीमाधवने एक पुस्तक उघडलं, दोन पानं चाळली आणि आरशासमोर जाऊन हातवारे करायला लागला.

सातव्या दिवशी गंगेला पूर होता. घाट बुडालेले, नावा वर बांधलेल्या, त्यामुळे एरवी खाली रमणारी माणसंही सभागृहात आली. उभं राहायला जागा नव्हती. वेणीमाधव उठला आणि पहिल्या वाक्यालाच त्याने सभा खिशात घातली. मुघल सरदार बंगश बुंदेलखंडावर चालून आला, म्हाताऱ्या छत्रसालाची हाक आली आणि हा तरुण पेशवा वाऱ्यासारखा कसा धावला. अवजड तोफा, तंबू, बाडबिस्तरा यांच्यात न अडकता घोड्यावरच कणसं चोळून खाणारा सेनापती कसा असतो. जैतपुराला बंगशाची रसद तोडून त्याला कसं कोंडलं. मदतीला येणाऱ्या त्याच्या मुलाला वाटेतच कसं गाठलं. शब्द आनंदीबाईंचे, आणि त्यांच्याच अंगावर काटा आला. टाळ्या थांबेनात. ‘आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला,’ असं त्यांना वाटलं.

मग त्या उठल्या. मागच्या सतरंजीपासून व्यासपीठापर्यंत वाट काढताना वेणीमाधवची बायको पद्मा हळूच त्यांचा हात दाबून गेली.

बाईंनी पेशव्यांची बाजू सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज मोठा नव्हता. वर्गात चाळीस मुलींना पुरणारा होता. त्यांनी वेणीमाधवचं भाषण चार वाक्यांत सांगितलं आणि वर म्हणाल्या, “भाऊजींनी एक गोष्ट सांगितली नाही, ती मी त्यांच्या वतीने सांगते. बाजीरावांना हल्ला करून एका दिवसात निकाल लावता आला असता. त्यांनी वेढा घालून वाट पाहिली. आपली माणसं फुकट मरू दिली नाहीत. जिंकण्याची घाई असणारे सेनापती पुष्कळ असतात. माणसं जपून जिंकणारे थोडे.” हा मुद्दा भाषणात बसत नव्हता म्हणून त्यांनीच काढून टाकला होता.

“मान्य,” वेणीमाधव म्हणाला. न म्हणून करतो काय? शत्रूने त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडली होती.

“आता माझी,” आनंदीबाई म्हणाल्या. “बंगश साठी उलटलेला. दिल्लीने त्याला लढायला पाठवलं आणि विसरून गेली. मदत नाही, दाणा नाही. छावणीत बैल नि घोडे कापून खायची वेळ आली. तरी पावसाळ्यापर्यंत तो टिकला. जिंकताना माणसं बरोबर राहतात, त्यात नवल नाही. उपाशी माणसं ज्याच्यासाठी महिनोन् महिने थांबतात, त्याच्यात काहीतरी असणार. शेवटी हरला. पुन्हा या मुलखात पाऊल टाकणार नाही, असं लिहून दिलं.

“सहा वर्षांनी बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या. वाटेत बंगशाचा मुलूख. ज्याने आपल्याला उपाशी मारलं, मुलखात नाक कापलं, त्याची आई आपल्या दारावरून चाललेली. तुम्ही असता तर काय केलं असतं? त्याने मान दिला. आपली माणसं सोबत देऊन तिला सुखरूप पुढे पाठवलं. ती बाई या आपल्या काशीत आली, गंगेत न्हाली. त्याला सूड घेता येत होता आणि त्याने घेतला नाही. मी बाजीरावांना लहान म्हणत नाही. विजयात मोठं राहणं कठीण आहे, पण हरल्यावर मोठं राहणं त्याहून कठीण, एवढंच माझं म्हणणं.”

एव्हाना लोक माना पुढे काढून ऐकत होते. मागून एक हिंदीभाषक शेजारी म्हणाला, “वाह बहिनजी, का बात कहली!” आणि लोक सैल झाले.

आता वेणीमाधवची पाळी. तो तोऱ्यात उठला. “वहिनींचं म्हणणं असं, की मार खाणारा मारणाऱ्यापेक्षा मोठा. त्या हिशेबाने आमच्या गल्लीतला आळशी बैल थोर!” हशा पिकला.

“अमान्य,” आनंदीबाई म्हणाल्या.

कालची संध्याकाळ सोडली, तर घरात इतक्या वर्षांत त्यांनी दिराला ‘नाही’ असं कधी म्हटलं नव्हतं. तो शब्द तोंडातून इतका सहज कसा निघाला, याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

वेणीमाधवने कपाळ पुसलं. “बरं. बंगश शूर होता, सभ्य होता, बायकांचा मान ठेवणारा होता. झालं?”

“अमान्य. मी त्याला सभ्यपणाचं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही.”

एकच संधी उरली. वेणीमाधवने सवयीने खिशात हात घातला. खिशात कागद नव्हता. त्याने वहिनींकडे पाहिलं, पाट ओढून बसल्यावर पाहायचा तसंच. वहिनी काही सांगणार नव्हत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो सभेपुढे नुसता उभा राहिला आणि विचार करायला लागला. लोक चुळबुळ करायला लागले. शास्त्रीबुवांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

मग तो बोलला, अडखळत, एरवीच्या अर्ध्या आवाजात. “वहिनी म्हणतात… माणूस हरतो तेव्हा त्याच्याकडचं सगळं जातं. सैन्य, अन्न, अब्रू. मग स्वभाव तेवढा उरतो. बंगशाकडे तो उरला होता. आणि… आणि मला वाटतं, त्यांनी न बोललेलंही त्यात आहे. बाजीरावांनी आईला त्या वाटेने जाऊ दिलं. मुलगा आईला कोणाच्याही मुलखातून जाऊ देत नाही. म्हणजे बंगश कसा आहे हे बाजीरावांना माहीत होतं. ज्यांच्या बाजूने मी बोलतोय, त्यांनी स्वतःच…” तो थांबला. “त्यांनी स्वतःच वहिनींच्या बाजूने कौल दिलेला आहे.”

आनंदीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हा मुद्दा त्यांनी शेवटच्या उत्तरासाठी राखून ठेवला होता. तो भाऊजींना स्वतःहून सुचला होता, कोणी लिहून न देता.

“मान्य,” त्या म्हणाल्या. “पूर्ण मान्य.”

“आता खंडन करा,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“उत्तर नाही, शास्त्रीबुवा.” वेणीमाधवने हात जोडले आणि सभेकडे वळला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. “असणार कुठून? अकरा वर्षं मला उत्तरं लिहून देणारी बाई आज समोरच्या बाजूला उभी आहे!”

आधी हशा झाला. मग तो एकदम थांबला, कारण ही थट्टा नाही हे लोकांना कळलं. एकेक मान आनंदीबाईंकडे वळली. अकरा वर्षांची वाक्यं, ज्यांवर त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, लोकांना आठवायला लागली. बायकांच्या सतरंजीवरून पद्मा पहिली उठली, मग सगळ्याच उठल्या, आणि गल्लीपर्यंत “हर हर महादेव” घुमलं. अट घालणारे तिघे नाकं सरळ करून टाळ्या वाजवायला लागले. काशीत वारा फिरला की माणसंही फिरतात.

“आनंदीबाई सप्रे विजयी,” विष्णुशास्त्री म्हणाले. त्यांना दोनदा म्हणावं लागलं, गलक्यात ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा ऐकताना आनंदीबाईंनी मान खाली घातली नाही. सगळ्या सभेकडे सरळ बघत त्यांनी ते ऐकलं.

“आणि मागची अकरा वर्षं?” प्रल्हादने घाबरत विचारलं. “ती कोणाची धरायची? सभेपुढे कबुली झाली आहे.”

वेणीमाधव बाजूला उभा होता, कान लाल, पण मान ताठ. आनंदीबाईंनी एक शब्द उच्चारला असता, तर त्याची अकरा वर्षं पुसली गेली असती.

“भाऊजींची,” त्या म्हणाल्या. “भाषा माझी असेल, पण गळा त्यांचा होता. त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या.” आणि मग, चाळीस मुलींच्या वर्गाला पुरणाऱ्या त्याच आवाजात, “मात्र पुढच्या वर्षी मी पुन्हा उभी राहणार आहे. आत्ताच लिहून घ्या.”

“कुठल्या बाजूने, वहिनी?” वेणीमाधवने विचारलं. त्याला तयारीला वर्षभर तरी हवं होतं.

“तुम्ही घ्या हवी ती,” आनंदीबाई म्हणाल्या. “मला उरलेली चालेल.”