मी आहो नं मागं

हेमलता गेली हे गुणवंतला खरं कळलं ते ओमतीच्या चौकात. तिची तेरवी होऊन बरेच दिवस झाले होते. अग्नी त्यानेच दिला होता, राखही त्यानेच नर्मदेत सोडली होती. पण त्या सकाळी स्कूटर उजवीकडे घेताना तो सवयीने थांबला. मागच्या सीटवरून "घ्या आता, मोकळं आहे" असं ऐकू यायची त्याने वाट पाहिली. काही ऐकू आलं नाही, तरी त्याने स्कूटर वळवली. मागून आलेला ऑटो घासून गेला आणि गुणवंत रस्त्यावर बसला.

ऑटोवाला उतरून ओरडला, "चचा, पीछे देखते नहीं क्या?"

"बीवी देखती थी," गुणवंत म्हणाला.

ऑटोवाल्याने स्कूटर उचलून उभी करून दिली आणि तो निघून गेला.

लागलं फारसं नव्हतं. पण संध्याकाळी शर्टाची बटणं लागेनात. गुणवंत म्हणाला, धक्क्याने झालं असेल. त्याची मुलगी मीरा शेजारच्याच मोहल्ल्यात राहायची. तिने ऐकलं नाही.

"बाबा, हे आजचं नाही आहे. मी कधीची पाहून राहिली. तुमची चप्पल पायातून निघून जाते अन् तुम्हाला पता पण नाही चालत."

ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली, मानेचे फोटो निघाले. डॉक्टरांनी ते उजेडासमोर धरले. मानेच्या मणक्यांमधल्या दोन गाद्या बसल्या होत्या आणि आतल्या मुख्य नसेवर दाब आला होता. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही, पण पुढचं नुकसान थांबवायचं तर ऑपरेशन लवकर करायला हवं. "गले के सामने से जाएँगे, दोनों गद्दियाँ निकालेंगे, और तीनों हड्डियाँ फ्यूज़ कर देंगे।"

गुणवंत उठून उभा राहिला. बिजली खात्यात लाईनमन म्हणून त्याची उभी नोकरी खांबावर गेली होती. फ्यूज म्हणजे जळालेली तार आणि मोहल्लाभर अंधार.

"चल मीरा. हा माणूस माझी मान उडवून राहिला."

बाहेर आल्यावर मीराला हसू आवरेना. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "बाबा, फ्यूज म्हणजे जोडणं. वेल्डिंगसारखं."

"मग जोड म्हण ना बाप्पा! फ्यूज काहून म्हणते?"

पण जोडणंही त्याला नको होतं. जोडलेली मान वळणार कशी? आणि न वळणाऱ्या मानेने स्कूटर चालवायची कशी? हेमलताची धाकटी बहीण बेबीताई बरगीला राहायची. हेमलता अहेव, नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून रीतीप्रमाणे तिची हिरवी साडी बहिणीच्या अंगावर जायला हवी होती. ती आपण स्वतः, त्याच स्कूटरवर आणून देऊ, असा शब्द गुणवंतने तेरवीला दिला होता. बरगीला तो आणि हेमलता नेहमी स्कूटरवरच जात.

"मी गाडीने नेते नं," मीरा म्हणाली.

"नाही."

मग मीराने दुसरा उपाय शोधला. हाडं जोडायची नाहीत, काढलेल्या गादीच्या जागी हलणारी नवी गादी बसवायची. मान वळती राहते. गुणवंतने तिथेच ठरवलं, हेच करायचं. मीराला घेऊन तो त्याच डॉक्टरांकडे गेला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "हलनेवाली लगाइए।"

"गर्दन घूमती है आपकी?"

"घूमती है।"

"अच्छा, ज़रा पीछे देखिए।"

गुणवंतने मागे पाहिलं. मीरा हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही कमरेतून वळले." तिने त्याचे खांदे धरून ठेवले. "आता वळा." मान जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल.

डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवलं. मागचे सांधे झिजले होते, हाड वाढलं होतं. हलणारी गादी ज्यांचे सांधे धड आहेत त्यांच्यासाठी चांगली. "जो हिलता ही नहीं, उसे हिलता कैसे रखें, दादा?" जोडण्यातही खोट आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. वरच्या-खालच्या गाद्यांवर भार वाढतो, काही वर्षांनी त्या दुखू शकतात. हाडं एकजीव व्हायला महिने लागतात. बिडीने ती नीट जुळत नाहीत, म्हणून गुणवंतची बिडी आजपासून बंद.

गुणवंत खोटं बोलला नव्हता. मागचं दिसतं म्हणजे मान वळते, एवढंच त्याला माहीत होतं. कित्येक वर्षांपूर्वी पाटनच्या बाजारात स्कूटरचे आरसे चोरीला गेले, तेव्हा तो नवे आणायला निघाला होता. हेमलता म्हणाली होती, "काहाले लावता नवे? मी आहो नं मागं." तेव्हापासून मानेला वळायचं कामच पडलं नव्हतं. ती कधी आखडली ते त्याला कळलंही नाही.

राहिले होते ते हात आणि पाय. ते वाचवायचे होते. सैल जोड ठिणग्या टाकतो, पक्का जोड तार शांत ठेवतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

"कर दीजिए फ्यूज़," तो म्हणाला.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्याने स्कूटरला दोन्ही बाजूंना आरसे बसवून घेतले.

ऑपरेशन झालं. गळ्याला पट्टा आला. आता बटणं लागतात, वेळ लागतो पण लागतात. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. चप्पल पायात राहते.

परवा बेबीताईचा फोन आला. "भाऊजी, मीराच्या हाती पाठवून द्या नं साडी. काहून हट्ट करून राहिले?"

"मीच आणतो. आरसे लावले दोन्हीकडे."

"आरसे बोलतात का, घ्या आता म्हणून?"

"नाही बोलत. आपणच पाहा लागते."

बेबीताई म्हणाली, "हळू या."

डॉक्टरांनी अजून स्कूटरला हात लावू दिलेला नाही. साडी कपाटात आहे. बरगीला जायचं राहिलं आहे.