एकेरी पुलाचा जुना प्रोसेसर

मित्रांनो, नखाएवढा एक जुना प्रोसेसर आहे मी. नदीवरच्या एकेरी पुलाशी पहारेकऱ्याची खोली आहे, तिथल्या पत्र्याच्या पेटीत राहतो. पुलाच्या दोन्ही टोकांचे दिवे मी लावतो. एका वेळी हिरवा एकाच बाजूला.

माझा जन्म अशा स्वच्छ जागी झाला की तिथे माणसं नखशिखान्त झाकून वावरत. इथे धूळ, उकाडा आणि पाली. स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. एक काम हातात घेतो न घेतो तोच पेटीतलं घड्याळ हाक मारतं, "हे ठेव, ते बघ!" या टोकाचं थोडं, त्या टोकाचं थोडं, अशी अखंड धावपळ.

पण एक काम मध्येच तोडायचं नसतं. पूल रिकामा आहे का ते बघायचं आणि असेल तर लगेच 'भरला' अशी खूण करायची. नवे प्रोसेसर हे एका दमात करतात. मला आधी बघावं लागतं, मग खूण करावी लागते. माझी जुनी लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार सूचना, तेवढा वेळ घड्याळाला दाराबाहेर थांबवायची. पहारेकरी काका पेटीवर थाप मारून म्हणायचे, "आमचा गडी चुकायचा नाही!"

मग नवी लायब्ररी आली. ती नव्या प्रोसेसरांसाठी लिहिलेली. माझ्यासारख्यांसाठी घाईघाईत एवढंच लिहिलं होतं: आधी बघ, मग खूण कर. घड्याळाला थांबवायचं राहूनच गेलं.

त्या दुपारी मी या टोकासाठी बघितलं. पूल रिकामा. खूण करणार तोच घड्याळाने हाक मारली. त्या टोकासाठी बघितलं, तर रिकामाच! खूण करून तिकडे हिरवा दिला. परत येऊन, पुन्हा न बघताच, अर्धं राहिलेलं काम उरकलं आणि इकडेही हिरवा दिला.

इकडून शाळेची बस निघाली, तिकडून खडीचा ट्रक. काका लाल निशाण घेऊन धावत सुटले. "थांबा! अरे, थांबा!" ब्रेक करकचले. बस आणि ट्रक समोरासमोर उभे राहिले, आणि मध्ये धापा टाकणारे काका.

काकांची पुतणी ही लायब्ररी लिहिणाऱ्यांतलीच होती. ती तिच्या साहेबांना घेऊन आली.

"भंगार आहे हे. काढून टाक," साहेब म्हणाले.

"नवी पेटी कधी मिळेल?" तिने विचारलं.

"मागणी केलीय. येईल."

"तोवर गाड्या पोहत जाणार का, साहेब? आणि असे जुने प्रोसेसर अजून कुठेकुठे बसलेत, कोणाला ठाऊक?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "बस मग दुरुस्तीला. मीही बसतो."

काकांनी चाचरत विचारलं, "पोरी, आमचा गडी बिघडला का गं?"

"नाही हो काका. आम्हीच त्याला अर्धवट सांगितलं."

तिने लायब्ररीत नवी सूचना घातली. बघणं आणि खूण करणं यांच्यामध्ये हाक आली, तर परतल्यावर पुढून सुरू करायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून बघायचं. मग पुलावरची वाहतूक अडवून दोन्ही टोकांची हिरवा मागायची बटणं तिने एकदमच दाबायला लावली, पुन्हापुन्हा. माझी नुसती तारांबळ उडाली. पण हिरवा प्रत्येक वेळी एकाच बाजूला लागला. काका खुर्चीत बसले आणि पोराच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांचा हात पेटीवर राहिला.

मित्रांनो, नवी पेटी आली की मला खुशाल काढा. पण जुन्याला नवी रीत शिकवाल, तेव्हा त्याला काय जमत नाही तेही आधी विचारा. आणि हातातलं काम तुटलं, तर पुन्हा पहिल्यापासून करण्याइतकी उसंत त्याला द्या.

बराच वेळ बोललो. दोन्हीकडे हॉर्न वाजतायत. बघू दे, पूल रिकामा आहे का.