दोधू आबानं न कापलेली गाठ

रनाळ्यात दोधू न्हाव्याचं नाव हजामतीपेक्षा गळवांसाठी जास्त होतं. केसतोड असो, करट असो, नखुरडं असो, ठणका लागला की माणूस त्याच्याच दारी. आणि म्हातारा अशा हलक्या हातानं चीर देई, की रडायला तोंड उघडलेलं पोर तसंच आ वासून बघत बसे. असा हात तालुक्यात दुसरा नव्हता.

हिलालच्या ओट्यावर त्याची पाळी दर सोमवारी. त्या सोमवारी साबण लावण्याआधी त्यानं हिलालच्या गालावरून अंगठा फिरवला आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी तो थांबला. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं.

"हाई मांगला सोमवारले नव्हतं," दोधू म्हणाला. "दुखस का?"

"जराबी नै."

"रंग कसा शे?"

हिलालला हसू आलं. "तुन्हा समोरच शे ना, आबा. वस्तरा हातमा शे, काढी टाक."

दोधूनं वस्तरा खाली ठेवला. "ठणकस ते मन्हं काम. हाई गुपचूप बठेल शे, हाई मन्हं काम नै. नंदुरबारले दवाखानामा दखाड."

हिलालला राग आला. गावभराची करटं फोडणाऱ्याला एवढीशी गाठ जड झाली? म्हाताऱ्याचा हात आता थरथरतो, असं तो त्याच सकाळी पारावर चारचौघांत बोलून बसला.

त्याच्या बायकोला, धनुबाईला, तर गाठीचं काहीच वाटलं नाही. दुखत नाही म्हणजे मस, आणि मस म्हटलं की बिब्बा. तिनं निखाऱ्यावर बिब्बा धरला, सुई तेलात बुडवली आणि नवऱ्याला खाली बसवलं. तेवढ्यात दारात दोधू.

"बिब्बाना वास गल्लीलगून उना," तो म्हणाला. "धनुबाई, डोयाना कोपरा शे तो. एक थेंब घसरना ते डोया जाई."

तीस वर्षांत हा माणूस पाळी नसताना, बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्याशी आला नव्हता. आता तो तिथंच फतकल मारून बसला. "तू गाडी जुपस तोलगून मी आठेच बठसू." पारावरचं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतंच, तरी त्यानं ते काढलं नाही. धनुबाईच्या हातातली सुई आपोआप खाली आली आणि हिलाल गाडीला बैल जुंपायला गेला.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी त्याला धुळ्याला धाडलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी गाठ मुळासकट काढली. पट्टी बांधताना ते म्हणाले, "अशी गाठ दुखत नाही, म्हणून लोक वर्षं काढतात. मग डोळाच काढावा लागतो. एवढीशी असताना ही हेरली कुणी?"

"आमना गावना न्हावीनी."

"नजर भारी आहे त्याची."

परत आल्यावर हिलाल आधी दोधूच्या घरी गेला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. म्हातारा अंगणात उन्हात बसला होता.

"आबा, चुकनू मी. देख, डोया वाचना."

दोधूनं हात पुढे केला. हात आधी हिलालच्या कानाला लागला, मग गालावरून सरकत व्रणापाशी आला. "साफ काढेल शे," तो समाधानानं म्हणाला. त्याचं तोंड मात्र हिलालच्या खांद्यापलीकडे, कुडाकडे होतं. हिलालनं त्याच्या डोळ्यांसमोर बोटं हलवली. पापणी लवली नाही.

"कवयपशी, आबा?" त्यानं अगदी हळू विचारलं.

दोधूनं हात मागे घेतला. "दोन वरीस व्हयनात. सावली दिसस, बस. गावले सांगू नको, भाऊ. कोनी मान देवाव नै माले."

दोन वर्षं, आणि गावातल्या एकाही गळ्यावर ओरखडा नव्हता.

हिलाल त्याच्यासमोर मांडी घालून बसला, गळ्याची गुंडी काढली आणि हनुवटी वर केली.

"दाढी वाढेल शे, आबा," तो म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.