कधीच रिकामा न दिसलेला वाडगा

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची असेल तर आधी नाकाला रुमाल लावा. मी एक जुना वाडगा आहे, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला पोचा पडलेला. मधली कितीतरी वर्षं मला कुणी हात लावला नाही. सरकवायचं झालं तर चपलेच्या टोकानं. मला त्याचा राग नव्हता. मलाच माझी किळस यायची.

जन्मतः मी असा नव्हतो. कारखान्यात पत्र्याची एक गोल चकती भरभर फिरत होती. कारागिरानं तिच्यावर दांडा दाबत दाबत तिला खोलगट केलं, कड बाहेर दुमडली आणि मी झालो. तिथून मी एका फोटोवाल्यांच्या घरी आलो. रस्त्याच्या बाजूला त्यांचा स्टुडिओ, मागे दोन खोल्या आणि त्यामागे फरशीचं लहानसं अंगण. स्वयंपाकघरात माझ्यात तांदूळ धुतले जायचे, वाटाणे भिजायचे. रोज घासून मला फळीवर उपडा घालायचे. भांड्याला आणखी काय हवं?

मग फोटोवाल्यांच्या मुलीच्या हट्टापायी घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. पांढरं शुभ्र, एका डोळ्याभोवती काळा ठिपका, म्हणून नाव ठिपक्या. ते इतकं लहान होतं की माझ्यात मावलं. फोटोवाल्यांनी मला स्टुलावर ठेवलं, त्याला माझ्यात बसवलं, दिवे लावले आणि फोटो काढला. पिल्लाचे दोन्ही पंजे माझ्या कडेवर टेकलेले होते. तो फोटो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. येणारे-जाणारे थांबायचे. "अय्या, किती गोड! फार लाडाचं दिसतंय." फोटोवाले म्हणायचे, "आमच्याकडे घरच्या माणसासारखंच असतं हो त्याचं."

फोटो वाढत नाही, कुत्रा वाढतो. बघता बघता ठिपक्या दांडगा झाला. त्यानं स्टुडिओतला पडदा ओढून फाडला आणि त्याच दिवशी तो अंगणातल्या नळाच्या पाइपला बांधला गेला. त्याच्यासोबत मीही फळीवरून उतरून फरशीवर आलो.

त्या घराचा एक नियम होता आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. कुत्र्याचा वाडगा रिकामा दिसता कामा नये! म्हणून येता-जाता जो तो माझ्यात काहीतरी टाकायचा. पावाच्या वाळक्या कडा, माशाचे काटे, नासलेलं दूध, चहात फुटलेलं बिस्किट. कालचं उरलेलं उचलावं असं कुणाच्या मनात येत नसे. वाडगा भरलेला दिसला की त्यांचंच पोट भरायचं. खालचा थर आंबायचा, मधल्याला बुरशी यायची आणि वरचा माश्यांनी काळा व्हायचा. माझ्या दुमडलेल्या कडेत काहीतरी वळवळू लागलं. शेजारच्या बादलीतलं पाणी शेवाळानं हिरवं झालं होतं, त्यात डासांच्या अळ्या उड्या मारत होत्या.

आणि घाणीचं काय सांगू? कुत्रा फार स्वच्छ प्राणी आहे, मित्रांनो. गळा आवळेपर्यंत साखळी ताणून ठिपक्या जमेल तितका लांब जाऊन बसायचा. पण साखळीपलीकडे त्याला जाता येत नव्हतं आणि साखळीच्या आतलं कुणी उचलत नव्हतं.

आतून आवाज यायचे.

"ठिपक्याला फिरवून आणलंस का गं?"

"बाबा नेतात ना त्याला?"

"मी? मग दुकान कोण सांभाळतं? तुझी आई नेते."

"अहो, मला वाटलं तुम्ही दोघं नेता!"

मग टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा.

पुढे ठिपक्यानं जेवणच सोडलं. त्याच्या कानांत गोचिडी टपोऱ्या फुगल्या होत्या. तो यायचा, मला हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. नंतर तर उठेनासाच झाला. पण माझ्यातलं अन्न रोज कमी व्हायचं. वरचं वरचं कावळे न्यायचे, घुशी न्यायच्या. फोटोवाल्यांची बायको दारातूनच बघायची. "संपवलं बघा सगळं! खादाड कुठला!" असं म्हणून वरून आणखी ओतायची. ठिपक्या माझ्या शेजारी मरत होता आणि ते फक्त मला ठाऊक होतं. माझं तोंड नुसतंच वासलेलं.

एकदा फोटोवाल्यांची थोरली बहीण, मुलीची आत्या, राहायला आली. कपडे वाळत घालायला ती अनवाणीच अंगणात आली आणि तिचा पाय थेट माझ्यात पडला.

"शी शी शी! अरे, हे काय आहे?"

"कुत्र्याचं जेवण आहे, ताई," फोटोवाले म्हणाले.

"जेवण? मला वाटलं गटार तुंबलंय! तू जेवशील का यात?"

"तो कुत्रा आहे, ताई. त्याला चालतं."

"चालतं म्हणून तुझ्या कानात सांगून गेला वाटतं?"

तिनं मला उचलून उपडं केलं. काहीच सांडलं नाही. हलवलं, तरी नाही. फरशीवर आपटलं तेव्हा कुठे थप्प करून एक गोळा पडला आणि त्यातून अळ्या पसरल्या. मुलगी तोंड दाबून मोरीकडे धावली.

"ओक, ओक," आत्या म्हणाली. "ओकून झालं की ये आणि या ठिपक्याच्या पाठीवरून हात फिरव."

मुलीनं हात फिरवला. "आई, नुसती हाडं लागतात गं," म्हणून ती रडायलाच लागली.

"पण रोज तर संपवतो!" आई म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवरून एक कावळा उतरला, त्या गोळ्यातला काटा उचलून उडाला. सगळे त्याच्याकडे बघतच राहिले.

आत्यानं मला पिशवीत घातलं आणि ठिपक्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटचं कधी जेवला?" कुणाला माहीत नव्हतं. "पाणी पिताना कुणी पाहिलं?" कुणीच नाही. मग त्यांनी पिशवीत डोकावलं आणि झटकन मान मागे घेतली.

"वाडगा भरलेला, म्हणून कुत्रा जेवला असं धरून चाललात तुम्ही? वाढल्यावर समोर थांबायचं. उरलं तर उचलायचं, उरलेल्यावरूनच दुखणं कळतं. गोचिडीचा ताप आहे याला, रक्त पार कमी झालंय. वाचेल असं आज तरी सांगता येत नाही."

तो वाचला. सलाइनच्या बाटल्या, औषधं आणि पाळीपाळीनं उशाशी बसलेली ती तिघं. आता साखळी नाही, आणि फिरायला कोण नेणार हे आदल्या दिवशीच ठरतं. जेवण झालं की मी घासला जातो, फळीवर उपडा होतो. फोटोवाल्यांनी काचेतला तो फोटो स्वतःच्या हातानं काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, नवा काढा ना." ते म्हणाले, "आधी त्याचं अंग भरू दे."

पण माझ्या दुमडलेल्या कडेत जुना मळ अजून आहे. मुलगी दात घासायच्या जुन्या ब्रशनं रोज खरवडते, तरी ऊन तापलं की तो वास डोकं वर काढतो. ठिपक्या तोंड घालण्याआधी अजूनही थबकतो, हुंगतो, वर मुलीच्या तोंडाकडे बघतो आणि मगच खातो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर आज त्याचा वाडगा हातानं उचला आणि नाकाशी न्या. तुम्हाला तोंड फिरवावंसं वाटलं तर फिरवू नका. तुमचा कुत्रा रोज तिथेच तोंड घालतो.