वलीचे नाव

भगवंतराव वकिलांनी टाक दौतीत बुडवला, काठावर टेकवून जास्तीची शाई निथळू दिली आणि चष्म्यावरून मुकुंदाकडे पाहिले.

"मालमत्तेचं झालं. आता वली. देव न करो, पण तुम्ही दोघंही राहिला नाहीत, तर मुलं कुणाच्या हवाली?"

"माझ्या," मुकुंदाच्या आधी हिम्मतराव म्हणाले. "त्यात विचारायचं काय? सख्ख्या भावाची मुलं. लिहा, वकीलसाहेब."

मुकुंदाने मान हलवली. थोरला भाऊ बोलला की मान हलवायची, ही त्याची लहानपणापासूनची सवय आफ्रिकेत जाऊनही सुटली नव्हती. परवा नामपल्लीहून मुंबईची गाडी, तिथून मोंबासाची बोट. त्याआधी वसीयतनामा पुरा व्हायला हवा होता, म्हणून वकील आज हिम्मतरावांच्या बरकतपुऱ्यातल्या घरी मुद्दाम आले होते.

मुकुंदाची बायको सरोज दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर बसली होती. खिडकीतून तिला जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली तिची मुले चारू आणि शेखर दिसत होती. शेखर कच्चा जाम चावून तोंड वाकडे करत होता आणि पुन्हा चावत होता.

वसीयतनामा करायचा हट्ट तिचाच होता. आफ्रिकेत, कंपालात त्यांच्या शेजारी एक गुजराती कुटुंब राहत असे. जिंजाच्या रस्त्यावर मोटार उलटली आणि नवराबायको दोघेही गेले. त्यांची मुले सरोजने घरी आणली. देशातून तीन काकांच्या तारा आल्या. तिन्हींत होकार होता. पण न्यायला कुणी येईपर्यंत धाकटी पोर सरोजला आई म्हणू लागली होती. शाळेत रसायन शिकवणाऱ्या सरोजला तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. पटकन आलेल्या होकारावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि हिम्मतरावदादांइतका पटकन होकार या शहरात कुणी देत नसेल. ते महसूल खात्यात होते. निजामाचे राज्य गेले, लष्करी अंमल आला, आता मुलकी सरकार बसले. तिघांनाही दादा "हौ" म्हणाले आणि तिघेही त्यांच्यावर खूश राहिले. मनात खोट मुळीच नव्हती. "नाही" हा शब्द त्यांच्या जिभेला पेलतच नसे. रझाकारांच्या धास्तीने गावाकडच्या नातलगांनी पोरे शहरात पाठवायची म्हटली, तेव्हाही ते सगळ्यांना हौ म्हणाले होते. ते वर्ष घर पोरांनी भरून गेले होते, असे मुकुंदाला पत्रातून कळले होते.

त्यातली थोरली मुले आता जाणती झाली होती. या मुक्कामात त्यांच्यापैकी जो जो भेटायला आला, त्याच्याकडे सरोज बारकाईने बघत राहिली. प्रत्येकजण बैठकीत दादांच्या पाया पडे, दोन शब्द बोले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊबाईंकडे, जयवंताबाईंकडे, जाई. मग तासभर बाहेर येत नसे.

टाक कागदावर टेकणार, तेवढ्यात सरोज म्हणाली, "वकीलसाहेब, जरा थांबा. वली बाई असली तर चालते?"

"बापानं लिहून दिलं, तर का नाही चालणार?"

"मग जाऊबाईंचं नाव घालू या."

हिम्मतराव मोठ्याने हसले. "अगं, माझं काय नि तिचं काय! घर एकच."

"तेच म्हणते दादा. घर एकच आहे, मग कुठलंही नाव असलं तरी बिघडत नाही."

भगवंतरावांनी खोकल्याच्या निमित्ताने मिशीत हसून घेतले. "मुकुंदराव, ही बाई वकिली करती, तर आमची चूल विझली असती."

मुकुंदाने बायकोकडे पाहिले, मग भावाकडे. या वेळी मान हलवायला त्याला जरा वेळ लागला. "दादा, नाव वहिनींचंच असू दे. लिहा, वकीलसाहेब."

"अजून नको," सरोज म्हणाली. "आधी त्यांना विचारायला हवं."

जयवंताबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळलेले पाहून त्यांनी पदर सारखा केला.

"ऐकलंस ना?" हिम्मतराव म्हणाले. "हौ म्हण पटकन. शाई सुकतेय."

जयवंताबाईंनी एकेकाच्या पुढ्यात कप ठेवला. सरोजचा कप शेवटी ठेवला.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

"उद्या? घरच्या लेकरांसाठी विचार करायचा?"

"त्या वर्षी हौ तुम्ही म्हणालात. लेकरं मी निजवली." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "गावाकडच्या गंगूचा धाकटा सहा महिने रोज रात्री उठून दाराला पाठ लावून बसायचा. आई येईल म्हणून. मी पण बसायची त्याच्याजवळ. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलंय, तर विचार करू द्या."

हिम्मतरावांनी कप उचलून चहाचा घोट घेतला.

मुकुंद अस्वस्थ झाला. "वहिनी, तुम्हाला जड होत असेल तर..."

"जड तर आहेच, भावजी."

त्यांनी रिकामा ट्रे उचलला. दाराशी जाऊन थांबल्या.

"सरोज, शेखर दिव्याशिवाय झोपतो का गं?"

"नाही झोपत."

"आणि चारू रुसली की? बोलून दाखवते, की गप्प राहते?"

"गप्प राहते."

"हं," असे म्हणून त्या आत गेल्या.

भगवंतरावांनी टाक पुसून बाजूला ठेवला. "मग ही जागा कोरी सोडू? परवा तर तुमची गाडी."

"उद्यापर्यंत सोडा," सरोज म्हणाली. ती उठली आणि जावेच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

बैठकीत तिचा चहा निवून त्यावर साय धरली, तरी ती बाहेर आली नाही.