तिसरी पट्टी

"ही पेटी नाई, ठोकळा हाये ठोकळा!" असं म्हणत शेषरावांनी ती लाकडी पेटी दिवाणावर आपटली आणि लगेच उचलून पुन्हा कानाशी नेली.

सुभद्राबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. "भाकर थंडी झाली. मी कवाची बोलावून राह्यली."

"ठेव तिकडं."

"चार रोज झाले, तिकडंच ठेवून राह्यली मी. खाता कवा?"

शेषराव पेटी हलवण्यात गुंतले होते. अर्ध्या विटेएवढी सागवानी पेटी. खिळा नाही, बिजागरी नाही, कुलूप नाही. बाजूंच्या पट्ट्या बोटभर सरकायच्या आणि अडायच्या. आत काहीतरी खुटखुट वाजायचं.

शेषराव जळगाव जामोदच्या एसटी डेपोत हेड मेकॅनिक होते. गाडी फाटकातून आत येतानाच तिचं काय बिघडलंय ते आवाजावरून सांगायचे. त्याच डेपोत जानराव सुतारकामाला होते. रिटायर झाल्यावर चौकटी-दारांची कामं करायचे, पण आता लोक तयार दारं आणतात, तेव्हा उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून ते असल्या युक्तीने उघडायच्या पेट्या बनवत. या पेटीला तीन महिने लागले होते. जानरावांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवू, असं डॉक्टर म्हणाले होते. सोमवारी खामगावला ऑपरेशन होतं. ही पेटी शेवटची, हे जानरावांनी स्वतःच सांगितलं होतं.

सगळा घोळ डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर झाला. चार माणसांदेखत शेषराव बोलून गेले, "अख्खं इंजिन खोललं मी. तुही पेटी काय चीज हाये?"

जानरावांनी पेटी त्यांच्या हातात दिली. "खोला मंग. आइतवारी येतो घरी. फक्त जोर नका लावू."

आज गुरुवार होता आणि शेषरावांनी जोर लावण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

घरात स्क्रू असलेली प्रत्येक वस्तू शेषरावांची, हा नियम लग्नापासूनचा होता. मिक्सर असो, गॅसचं रेग्युलेटर असो, नाहीतर मुलीने दिलेला मोबाइल. "हात नको लावू, बिघडवशीन," हे सुभद्राबाईंनी अडतीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की आता दिव्याचं बटण गच्च झालं तरी त्या हाक मारून वाट बघत बसायच्या. माहेरी सातवीपर्यंत गणितात त्यांचा पहिला नंबर असे. या घरात ते कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी शेषरावांना पेटी छातीवर ठेवूनच झोप लागली. पेटी घसरली ती सुभद्राबाईंनी वरच्या वर झेलली. त्यांना ती फक्त फळीवर ठेवायची होती. पण हातात असतानाच आतलं काहीतरी पडलं. पुन्हा वाकडी केली, पुन्हा पडलं. आवाज मात्र वेगळा होता.

त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली जाऊन बसल्या.

आत एक नाही, दोन खुट्या होत्या. एक जाड, एक बारीक. पेटी उजव्या कुशीवर ठेवली की जाड खुटी पडायची, आणि मग पहिली पट्टी बोटाच्या नुसत्या धक्क्याने सरकायची. इथवर त्यांना तासाभरात कळलं आणि त्या खूश झाल्या. पण पेटी सरळ केली की खुटी पुन्हा जागेवर बसायची आणि सगळं मुसळ केरात. शुक्रवारची अख्खी दुपार यात गेली. शेवटी सरळ न करता तशीच डाव्या कुशीवर वळवली तेव्हा दुसरी पट्टी सरकली, पण तिसरी मेली अर्धं बोट पुढे येऊन अडायची. ओढली, नखाने खरवडली, फुंकर मारली. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. "आग लागो या पेटीले," असं म्हणून त्यांनी ती ज्वारीच्या कोठीवर टाकली आणि ओटा पुसला. ओटा पुसून झाल्यावर परत आणली.

संध्याकाळी शेषराव उठून पुन्हा पेटीला झोंबू लागले. "काय अक्कल लावली या जानरावनं, काई समजत नाई!" सुभद्राबाईंच्या ओठावर आलं होतं की कुशीवर ठेवा. पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच शेषराव म्हणाले, "तू उजेड नको अडवू." त्या बाजूला झाल्या.

शनिवारी दुपारी मात्र त्यांचा धीर सुटला. दोन पट्ट्या सरकवल्या, तिसरी अडली. नको ही कटकट, सगळं बंद करून ठेवून देऊ, म्हणून त्यांनी पेटी पालथी घातली आणि तिसरी पट्टी रागाने मागे ढकलली. ती जागेवर बसली आणि आणखी शेंगदाण्याएवढी मागे गेली.

सुभद्राबाईंचा हात थबकला. इतके दिवस नवराही पुढेच ओढत होता आणि त्याही पुढेच ओढत होत्या. त्यांनी अलगद आणखी ढकललं. मग पेटी उताणी केली आणि झाकण बोटाखाली लोण्यासारखं सरकत गेलं.

आत काहीच नव्हतं. रंधा मारलेलं गुळगुळीत लाकूड आणि सागाचा वास. सुभद्राबाई एकट्याच हसल्या. मग पदर तोंडाला लावून आणखी हसल्या.

त्या उठून नवऱ्याला जागं करायला गेल्या. शेषराव तोंड उघडं टाकून झोपले होते, चष्मा कपाळावर चढला होता. जागे झाल्यावर काय म्हणतील तेही त्यांना ठाऊक होतं. त्या तशाच परत फिरल्या, पेटी बंद केली आणि पुन्हा उघडली. शेषराव खोकेपर्यंत त्यांनी ती सहा वेळा उघडली.

ऊन उतरल्यावर त्या वाळलेले कपडे काढत होत्या. शेषराव पायरीवर येऊन बसले. पेटी त्यांनी दोन पायांत धरली होती आणि हातात लोखंड कापायची करवत होती.

"थांबा!" सुभद्राबाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारची सोजराबाई भिंतीवरून डोकावली.

"काऊन? उद्या सांगतो त्याले, हातातून पडली अन् फुटली."

"तीन महिने घातले त्या मानसानं. डोळे जाऊन राह्यले त्याचे!"

"मंग काय करू? चार लोकात हसं करून घेऊ?"

"आना इकडं."

"तुले काय समजते त्यातलं?"

वाकून सुभद्राबाईंनी त्यांच्या पायांतली पेटी काढून घेतली आणि तिथेच पायरीवर बसल्या. उजवी कूस, डावी कूस, मग पालथी, मग उताणी. झाकण सरकलं.

शेषराव बघत राहिले. "चुकून उघडली असन," ते म्हणाले.

सुभद्राबाईंनी पेटी बंद केली आणि पुन्हा उघडली.

शेषराव करवत घेऊन आत गेले. बऱ्याच वेळाने, हातपाय धुताना, त्यांनी विचारलं, "कवा उघडली?"

"आज दुपारी."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही निजले होते."

रविवारी सकाळी जानराव भिंतीला हात लावत लावत आले. काळा चष्मा होता, तरी पायरीवर ठेचकाळले. शेषरावांनी हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. सुभद्राबाई आत चहाचं आधण ठेवत होत्या.

"उघडली का, शेषराव?"

"उघडली ना बाप्पा."

"तुम्ही?"

बाहेरून शेषरावांचा आवाज आला, "हो मंग."

आत सुभद्राबाईंच्या हातातला चमचा थांबला.

"तिसरी पट्टी कशी काढली?" जानराव विचारत होते.

"समोर ओढली. जराशी तिरपी करून..."

"समोर ओढली तं सात जन्मात उघडत नाई ते, शेषराव."

सुभद्राबाईंनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मांगं ढकला लागते, भाऊ. पेटी पालथी घालून."

जानरावांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "वैनी, तुम्ही?"

शेषराव जमिनीकडे बघत होते. "तिनंच उघडली," ते हळूच म्हणाले. "माह्याच्यानं नाई झालं."

जानरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "बसा वैनी. एकदा उघडा माह्यासमोर. दिसत तं नाई बराबर, मले आयकू द्या."

सुभद्राबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. शेषराव "चहा मांडतो मी," असं पुटपुटत आत गेले. आतून डबे एकावर एक आपटल्याचे आवाज येऊ लागले. त्यांना साखर सापडत नव्हती.

"शेषराव," जानरावांनी हाक मारली, "उलीसे चूप बसा. वैनी उघडून राह्यल्या."

आतला आवाज थांबला. जानरावांनी डोळे मिटून मान पुढे केली. सुभद्राबाईंनी पेटी उजव्या कुशीवर ठेवली आणि घरभर जाड खुटी पडल्याचा आवाज झाला.